शून्य म्हणजे दहा

इतवारीत, भंगाराच्या दुकानात, कूलरच्या जाळ्यांखाली
तो पडला होता. काळा, जड, वायर कुरतडलेली.
"दीडशे," दुकानदार म्हणाला. "वाजत नाही, शोभेला ठेवा."
मी शोभेला काही ठेवत नाही.
दोन खोल्या, एक मोडेम, सोळा वर्षांचा मुलगा.
पुष्कळ शोभा झाली.

इंदोऱ्यात गेडामकाका राहतात,
एकोणचाळीस वर्षं टेलिफोन खात्यात,
त्यातली बावीस खांबावर.
टरबूज पारखावं तसं त्यांनी आधी वजन पाहिलं,
मग तबकडी फिरवून सोडली
आणि डोळे मिटून तिचं परतणं ऐकलं.
"हाव बाई. चाल चांगली आहे. बाकी होऊन जाते."

मे महिना. कूलरमध्ये पाणी कमी, गाळ जास्त.
चार स्क्रू काढले. आत धूळ,
कागदासारखी वाळलेली एक पाल,
आणि झाकणाच्या पोटात पेन्सिलीनं: ९/७१, मे.
"मेश्राम असन," काका म्हणाले, "नाहीतर मेंढे.
दोघंही गेले."
ते पुसलं नाही आम्ही. पाल काढली.

लाल तार इकडे, हिरवी तिकडे.
पिवळी कापायची नाही, गुंडाळून ठेवायची.
बोलण्याच्या डबीत कोळशाचे कण गोठून बसलेले,
काकांनी ती टेबलाच्या कडेवर हलकेच आपटली.
"इतके दिवस कोणी बोललं नाही,
तर जीभ जड होतेच."
घंटेची स्प्रिंग सैल केली अर्धा आटा,
मोडेमच्या अंगात जुन्या लाईनीएवढा जोर नसतो म्हणून.

"हा आकडा बोलत नाही, तोडतो," ते मुलाला सांगत होते.
"पाच फिरवले की लाईन पाचदा तुटते.
तुटणं मोजूनच एक्सचेंजला कळे
कोणाले कोण पाहिजे."
मोडेमला तुटणं कळत नाही, सूर लागतो.
म्हणून मध्ये एक दुभाषी बसवला,
नखाएवढी पट्टी, अमरावतीहून कुरिअरनं आलेली.
"आणि शून्य?" मुलानं विचारलं.
"शून्य म्हणजे दहा."
शून्य मैलाच्या दगडावरून रोज क्लासला जाणारा तो
मोबाइल खाली ठेवून तबकडीकडे बघत राहिला.

त्याला हे माहीत नाही:
आमच्या पत्रांवर नंबर असायचा वझलवारांचा,
पुढे कंसात पी.पी.
रविवारी नऊला बाबा बल्लारपूरहून बोलायचे.
साडेआठपासून मी त्यांच्या उंबऱ्याशी,
चपला बाहेर, हात मागे.
तबकडीच्या एका भोकात पितळी कुलूप होतं,
बोटाच्या पेराएवढं.
रिसीव्हर उचलायची मुभा होती.
तीन मिनिटं झाली की काकू बांगड्या वाजवायच्या,
वाईट नव्हत्या, भाजी करपायची त्यांची.
बाबा विचारायचे, "जेवलीस?"
मी म्हणायची, "हो."
आठवड्याचं सगळं त्या "हो"मध्ये बसवायचं.
आम्हाला फोन आले. आम्ही लावला कधीच नाही.

"लाव आता," काका म्हणाले.
कोणाला?
मला पाठ असलेला एकच नंबर जिवंत आहे,
तो समोरच बसला होता.
दहा आकडे, तीन शून्यं.
आठव्याला बोट निसटलं. पुन्हा पहिल्यापासून.
शून्य फिरवलं की तबकडी
घरभर टकटकत, सावकाश परत येते,
तिला ढकलायचं नसतं,
ढकललं की नंबर चुकतो.

त्याचा मोबाइल थरथरला.
तो उठून गॅलरीत गेला, उन्हात,
डोक्यावर टॉवेल घेऊन.
"हॅलो," दाराकडून आलं.
"हॅलो," कानात आलं, जरा उशिरा,
कोळशातून गाळलेलं.
"कोण?"
"मी."
"बोल."
काका पक्कड पुसत खाली बघत होते.
"जेवलास?"
"तूच तर वाढलंस," तो हसला.
"ठेवू?"

थांब, म्हटलं.
तीन मिनिटं व्हायची आहेत.